१०० टक्के, ८३ टक्के... गावच्या छोट्या शाळेचा निकाल वाचायचा कसा?

दहावीचा निकाल लागला की आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दरवर्षी ठरलेलं असतं. आधी पोरांचे फोटो, पेढे, अभिनंदन, आणि मग तासाभरात कुणीतरी तालुक्याच्या शाळेचा फ्लेक्स टाकतो, ‘सलग १०० टक्के निकालाची परंपरा’, आणि खाली विचारतो की आपल्या शाळेचं काय. मागच्या खेपेला आपली सगळी पोरं पास झाली तेव्हा सरांना शाल-नारळ दिलं होतं. या खेपेला १८ पैकी ३ नापास झाले, निकाल ८३.३३ टक्के, आणि ग्रामसभेत एकजण उभा राहून म्हणाला की मास्तर लोक पगार कशाचा घेतात.

शिक्षक तेच होते, वर्ग तोच, पुस्तकं तीच. मग एका वर्षात शाळा बिघडली कशी? मी शाळेच्या समितीवर आहे म्हणून हा प्रश्न माझ्यावर आला आणि तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. नंतर बसून आकडे मांडले, हेडमास्तरांकडून समजून घेतलं, ते इथे लिहितोय, कारण असा वाद प्रत्येक गावात होत असणार आणि त्या वादात शाळेचं नाव जातं, कधीकधी शाळाच जाते.

आधी टक्क्याचं गणित

१८ पोरांच्या वर्गात एक पोरगं म्हणजे साडेपाच टक्के. एकजण परीक्षेच्या दिवशी तापाने फणफणला की निकाल ९४.४४ वर आला, दोघं गेले की ८८.८९. तालुक्याच्या शाळेत १८० पोरं बसतात, तिथे एक पोरगं म्हणजे अर्धा टक्का, कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता समजा दोन्ही शाळा अगदी सारख्याच चांगल्या आहेत, प्रत्येक पोराची पास व्हायची शक्यता १०० त ९५. तर हिशोबाने १८ पोरांच्या शाळेत दहा वर्षांपैकी साधारण चार वर्षं निकाल १०० टक्के लागेल, चार वर्षं एकजण नापास होईल, आणि दोन-सव्वादोन वर्षं दोन किंवा जास्त पोरं नापास होतील म्हणजे निकाल ८९ च्या खाली जाईल. काहीही न बदलता! शिक्षक तेच, मेहनत तेवढीच. आणि १८० पोरांच्या तशाच शाळेत १०० टक्के निकाल किती वेळा लागेल? दहा हजार वर्षांतून एकदा. (मग फ्लेक्सवाल्या शाळेत तो सलग कसा लागतो ते खाली येतंय.)

संख्याशास्त्रात याला लहान नमुन्याचा प्रश्न म्हणतात, नमुना म्हणजे ज्यांच्यावरून आपण अंदाज बांधतो ती मोजकी माणसं किंवा वस्तू. शितावरून भाताची परीक्षा आपण करतो ती चालते कारण सगळा भात एकाच पातेल्यात एकाच आचेवर शिजलेला असतो. वर्गातल्या पोरांचं तसं नाही, प्रत्येकाची चूल वेगळी.

दुधाचा कॅन आणि टँकर

आमच्याकडे जवळपास प्रत्येक घरात दूध आहे म्हणून मला हे डेअरीवरून चटकन कळलं. तुमच्या एका गायीच्या दुधाची फॅट आज ३.८ लागते, उद्या ३.४, परवा चारा बदलला किंवा गाय आजारी पडली की ३.२. पण गावभरचं दूध जाऊन जो टँकर भरतो त्याची फॅट रोज जवळजवळ तेवढीच, कारण कुणाची वाढली कुणाची घटली ते आत मिसळून जातं. छोटी शाळा म्हणजे एक कॅन आणि मोठी शाळा म्हणजे टँकर. एका दिवसाची फॅट बघून कुणी गाय विकायला काढत नाही.

याच उदाहरणातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. म्हशीच्या दुधाला फॅट जास्त लागते, तर त्याचं श्रेय संकलन केंद्रावर मशीन लावणाऱ्या माणसाला आपण देतो का? नाही देत. दूध कुणाचं आलंय ते आधी बघतो. शाळेच्या निकालाच्या वेळी मात्र दूध कुणाचं ते न विचारता डायरेक्ट मशीनवाल्याचा सत्कार नाहीतर उद्धार.

‘पास’ म्हणजे नेमकं किती?

हे थोडक्यात सांगतो पण हे माहीत नसेल तर बाकीचं कळत नाही. पास व्हायला विषयात १०० पैकी ३५ लागतात. त्यातले २० गुण शाळेच्या हातात, म्हणजे तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिक, अंतर्गत मूल्यमापन. पैकीच्या पैकी मिळाले तर ३५ ची बेरीज गाठायला लेखी ८० पैकी १५ गुण पुरतात. टक्केवारी सहापैकी ज्या पाच विषयांत जास्त गुण आहेत त्यांची धरतात.

या २० गुणांचं वजन किती ते २०१९ ला अख्ख्या राज्याने बघितलं. त्या वर्षी भाषा विषयांचे तोंडीचे गुण काढले, अभ्यासक्रमही नवा होता, आणि राज्याचा निकाल २०१८ च्या ८९.४१ वरून धाडकन ७७.१० वर आला. २०२० ला अंतर्गत गुण परत आले आणि निकाल ९५.३०. २०२१ ला कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही, मूल्यमापनावर निकाल लावला, ९९.९५. आता या चार वर्षांत महाराष्ट्रातली पोरं आधी ढ झाली, मग एकदम हुशार झाली असं कोण म्हणेल? मोजपट्टी बदलली होती. म्हणून गावच्या शाळेचा आकडा पण त्या वर्षीच्या राज्याच्या आकड्याशेजारी ठेवूनच बघायचा, २०२५ ला राज्याचा निकाल ९४.१० होता, तो शेजारी नसेल तर ८३ किंवा ९० ला काही अर्थ नाही.

आणि पास झालं म्हणजे शिकलं असंही नाही, हे मला टोचतं. असर या शिक्षणाच्या पाहणीत २०२३ ला देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या पोरांपैकी साधारण चौथा हिस्सा पोरांना स्वतःच्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सरळ वाचता आला नव्हता.

वर्गात बसलंय कोण?

शाळा दरवर्षी यू-डायस प्लसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर, माहिती भरते, किती मुलं किती मुली, कुठल्या प्रवर्गातली, दिव्यांग किती, घरची भाषा कुठली. पटाची ही माहिती गावात कुणी वाचत नाही, वाचतात तो फक्त टक्का. पण टक्क्याची अर्धी गोष्ट तिथेच लिहिलेली असते.

मुली-मुलांचंच बघा. २०२५ ला राज्यात मुली ९६.१४ टक्के पास झाल्या आणि मुलं ९२.३१. २०२४ लाही मुली पुढेच होत्या, ९७.२१ आणि ९४.५६. तर ज्या वर्षी छोट्या वर्गात १२ मुली ६ मुलं असतील त्या वर्षी आणि उलट असेल त्या वर्षी निकालात फरक पडू शकतो, सरांनी काही वेगळं न करता.

मग घरचं. आमच्या भागात दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्याला जातात. मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, ते फिटेपर्यंत परत यायचं नाही, आणि नववी-दहावीचं पोरगं एक तर आजीजवळ गावात राहतं नाहीतर आई-बापाबरोबर फडात जातं, धाकट्याला सांभाळायला. २०२५ ची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली, आधी मार्चमध्ये असायची, आणि तोपर्यंत बऱ्याच टोळ्या परत आलेल्या नसतात.

आमच्या नापास तिघांपैकी एक अशीच मुलगी. सप्टेंबरच्या चाचणीत तिला गणितात बरे गुण होते, हेडमास्तरांनी मला उत्तरपत्रिका काढून दाखवली, अक्षर गोल, पायऱ्या नीट लिहिलेल्या, एका ठिकाणी उत्तर चुकलं तर खोडून परत करून बघितलेलं. नोव्हेंबरपासून हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग. कारखान्याच्या तळावर कोपीत (झोपडीत) राहायची, आई पहाटे फडात गेली की स्वयंपाक, पाणी, लहान भाऊ. परीक्षेच्या दोन दिवस आधी चुलत्याच्या फटफटीवर बसून आली, हॉलतिकीट घेतलं आणि सहापैकी पाच विषय पास झाली. गणित गेलं. निकालाच्या आकड्यात ती ‘नापास’ आहे, बस एवढंच.

दुसरा मुलगा आमच्याकडे दहावीला आलेला. नववीत त्याला आधीच्या मोठ्या शाळेने दाखला काढायला सांगितलं, ‘आमच्याकडे झेपणार नाही’ म्हणून. आणि इथे फ्लेक्सचं कोडं सुटतं. बरीच वर्षं आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नव्हतं, म्हणून पहिली खरी चाळणी नववीला लागायची आणि काही शाळा तिथे कच्ची पोरं गाळतात, एकाला नववीतच ठेवतात, दुसऱ्याला दाखला देतात, तिसऱ्याला सांगतात १७ नंबरचा फॉर्म भर, म्हणजे बाहेरून बस, शाळेच्या निकालात तू धरला जाणार नाहीस. सगळ्या मोठ्या शाळा असं करतात असं मी अजिबात म्हणत नाही, काही खरोखर जीव तोडून शिकवतात. पण १०० टक्के बघितल्यावर पहिला प्रश्न हाच विचारायचा की नववीच्या सुरुवातीला किती होती आणि दहावीला बसली किती. आमच्या सरांनी त्या पोराला घेतलं आणि त्याच्यामुळे शाळेचा निकाल जवळपास पाच टक्क्यांनी पडला.

दोन्ही गटांत पुढे, तरी एकूणात मागे

हे मला स्वतःला पहिल्यांदा पटलंच नव्हतं, म्हणून पेन घेऊन करून बघा. आकडे समजावण्यापुरते धरलेले आहेत.

गावची शाळा, २० पोरं. त्यातली १२ ऊसतोडीच्या घरची, त्यातली ९ पास, म्हणजे ७५ टक्के. उरलेली ८ सगळी पास, १०० टक्के. एकूण १७, निकाल ८५ टक्के.

तालुक्याची शाळा, १०० पोरं. ऊसतोडीच्या घरची १०, त्यातली ६ पास, ६० टक्के. उरलेल्या ९० पैकी ८७ पास, ९६.६७ टक्के. एकूण ९३, निकाल ९३ टक्के.

फ्लेक्स कुणाचा लागणार? ९३ वाल्याचा. पण ऊसतोडीच्या घरचं पोरगं गावच्या शाळेत जास्त पास होतंय, बाकीची पोरं पण गावच्याच शाळेत जास्त पास होतायत. दोन्हीकडे गावची शाळा सरस आणि एकूण आकड्यात मागे, कारण तिच्याकडे अवघड परिस्थितीतली पोरं निम्म्याहून जास्त आहेत. कुठलीही लबाडी नाही, फक्त मिश्रण वेगळं. त्या ग्रामसभेत मला हे गणित येत असतं तर मी फळ्यावर करून दाखवलं असतं.

‘परिस्थिती सांगून मास्तरांना पाठीशी घालताय’

हा आक्षेप येणारच आणि तो काही अगदी खोटा नाही. परिस्थिती सगळ्याचं कारण झाली की कुणालाच काही करावं लागत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे ‘ही पोरं अशीच’ असं म्हणायची सवय लागते. गरिबाघरची पोरं हुशार नसतात असं वरच्या एकाही आकड्यात नाही. त्यांचा वेळ, हजेरी, घरात अभ्यासाला जागा, विचारायला कुणीतरी, हे कमी पडतं एवढंच त्यात आहे.

म्हणून शाळेचं काम मोजायचं तर पोरगं कुठून कुठे आलं ते मोजायचं. आठवीला आलं तेव्हा भागाकार येत नव्हता आणि दहावीला गणितात ५२ पडले, हे मोठं काम आहे. आठवीला आलं तेव्हाच ९० टक्क्यांचं होतं आणि दहावीला ९१ पडले, यात शाळेचा हात किती? परत डेअरी: गाय कुठली ते आधी बघा आणि मग चारा बदलल्यावर फॅट किती वाढली ते विचारा.

आणि हो, शाळेची चूक असते तिथे ती असतेच. छोट्या शाळेत गणित-विज्ञानाचा शिक्षक एकच असतो. ती जागा रिकामी राहिली की भाषेचे सर गणित घेतात, वर्षभर. शिक्षक किती मिळणार ते संचमान्यतेवर ठरतं, म्हणजे पटाच्या हिशोबाने सरकार जी पदं मंजूर करतं ती. त्याचे निकष १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने बदलले आणि त्यावरून शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या. यातला गुंता असा की पोरं कमी म्हणून शिक्षक कमी, शिक्षक कमी म्हणून निकाल पडला, निकाल पडला म्हणून पालकांनी पोरं काढली, मग पट अजून कमी. ग्रामसभेत पगारावर बोलणाऱ्यांनी रिकाम्या जागेवर पण एकदा बोलावं असं मला मनापासून वाटतं.

‘मग निकाल बघायचाच नाही का?’

बघायचा, पण पुष्कळ वर्षांचा एकत्र. कोकण विभागीय मंडळ, म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं, २०२३ ला ९८.११, २०२४ ला ९९.०१, २०२५ ला ९८.८२. त्याच तीन वर्षांत नागपूर विभाग खाली, ९२.०५, ९४.७३ आणि ९०.७८. कोकणात पोरं बाकी विभागांच्या मानाने कमी आहेत हे खरं, पण ती हजारोंच्या संख्येत आहेत आणि दरवर्षी तेच होतंय, तर हा नुसता योगायोग नाही, तिथे काहीतरी खरं घडतंय. एकदा घडलं तर नशीब असू शकतं, सारखं घडलं तर कारण शोधायचं.

छोट्या शाळेसाठी पण तेच करायचं, वर्षं एकत्र करायची. समजा पाच वर्षांत १७ पैकी १७, १९ पैकी १८, १६ पैकी १५, १६ पैकी १६ आणि शेवटी १८ पैकी १५ पास झाले. वेगवेगळं बघितलं तर १०० वरून ८३ वर आपटल्यासारखं दिसतं. बेरीज केली तर ८६ पैकी ८१, म्हणजे ९४.१९ टक्के, राज्याच्या २०२५ च्या सरासरीच्या बरोबरीने. (यात २०२१ धरू नका, त्या वर्षी परीक्षाच नव्हती.) आता यातून शाळेबद्दल काहीतरी सांगता येतं.

‘छोट्या शाळाच चांगल्या’ आणि ‘छोट्या शाळा बंदच करा’

ही दोन्ही टोकं एकाच चुकीतून येतात. अमेरिकेत २००० च्या सुमाराला बिल गेट्स यांच्या फाउंडेशनने मोठी हायस्कुलं फोडून छोटी करायला प्रचंड पैसा दिला. त्या काळात सगळ्यांत चांगल्या निकालाच्या यादीत छोट्या शाळा जास्त दिसायच्या. हॉवर्ड वेनर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने सहकाऱ्याबरोबर पेनसिल्व्हेनियातल्या १६६२ शाळा तपासल्या, तर वरच्या ५० त ६ शाळा सगळ्यांत छोट्या गटातल्या निघाल्या, म्हणजे योगायोगाने येतील त्याच्या चौपट. पण त्यांनी यादीचा तळ पण बघितला, आणि तळातही छोट्या शाळा तशाच जास्त! छोटा कॅन आहे, फॅट वरही उडणार आणि खालीही पडणार. २००९ मध्ये गेट्स यांनीच लिहून सांगितलं की पैसा दिलेल्या बऱ्याच छोट्या शाळांत पोरांच्या शिक्षणात म्हणावी तशी सुधारणा झाली नाही.

आपल्याकडेही तसंच होतं. २०२५ ला राज्यातल्या २३,४८९ शाळांपैकी ७,९२४ शाळांचा निकाल १०० टक्के लागला, आणि दरवर्षी शून्य टक्क्यांची पण एक यादी छापून येते. दोन पोरांची शाळा शून्यावर येऊ शकते, दोनशे पोरांची येणं जवळजवळ अशक्य. कुठल्याही टोकाच्या यादीत नाव दिसलं की आधी पट किती ते बघा.

बंद करायचं म्हणाल तर २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार पुढे आला, पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं दिली गेली. एकत्र शाळेत प्रयोगशाळा, खेळाचं मैदान, प्रत्येक विषयाला शिक्षक मिळू शकतो, हे मला मान्य आहे. पण मधलं अंतर कोण कापणार? मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, मानव विकासच्या निळ्या बस आहेत, सायकली मिळतात, आणि तरी संध्याकाळची गाडी एक दिवस चुकली, अंधार झाला, की घरचे म्हणतात उद्यापासून जाऊ नको. शाळा बंद करायचा निर्णय घ्यायचाच असेल तर तो रस्ता, गाडीची वेळ आणि मुलींची संख्या बघून घ्यावा. एका वर्षाच्या टक्क्यावर घेऊ नये, कारण वर बघितलंच की एका वर्षाचा टक्का काही सांगत नाही.

आता मी काय करतोय

पुढच्या बैठकीत मी मागणी ठेवणार आहे की शाळेच्या फलकावर निकाल लावताना चार आकडे जास्त लावायचे: नववीला किती होते आणि दहावीला किती बसले, पाच वर्षांची बेरीज, विषयवार किती गेले, आणि कुठला विषय किती महिने शिक्षकाशिवाय होता. हेडमास्तर हो म्हणालेत. तालुक्याच्या शाळेनेही हेच लावलं तर बरं होईल, पण आधी आपण लावू.

आणि ती मुलगी, तिने जुलैच्या पुरवणी परीक्षेचा गणिताचा फॉर्म भरलाय. बारावी झालेली शेजारची एक ताई तिला रोज संध्याकाळी शिकवते, शाळेच्याच व्हरांड्यात, लाईट असेल तोपर्यंत. ती पास झाली तरी मार्चचा आकडा ८३.३३ च राहणार.